मॉडेल रॉकेटचं इंजिन: नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल रॉकेटच्या नादाला नव्याने लागलेला माणूस आधी रॉकेटचा रंग बघतो, पंखांचा आकार बघतो. इंजिन म्हणजे खाली खुपसायची एक नळी, एवढीच त्याची समजूत असते. पण उड्डाणाचा सगळा कारभार त्या नळीच्या हातात असतो. रॉकेट किती जोरात निघणार, कुठवर जाणार आणि पॅराशूट कधी उघडणार, हे तीच ठरवते. नवीन मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत; जिथे खरी गोम आहे तिथे जास्त लिहिलं आहे.

इंजिनच्या आत नेमकं काय असतं?

सगळ्यात जास्त वापरात असलेलं इंजिन घेऊ: १८ मिलिमीटर व्यासाची, ७० मिलिमीटर लांबीची, जाड पुठ्ठ्याची तपकिरी नळी. वजन साधारण २४ ग्रॅम. ती उभी चिरली तर आत काय दिसेल ते सांगतो. प्रत्यक्षात चिरायला जाऊ नका, आत दारू ठासलेली असते.

सगळ्यात खाली मातीचं नोझल. ही भाजलेली माती नव्हे; कोरडी चिकणमाती प्रचंड दाबाने नळीत ठासलेली असते आणि तिच्या मधोमध काही मिलिमीटरचं भोक असतं. त्याच्या वर काळी दारू: सोरा, गंधक आणि लाकडी कोळसा यांचं जुनंच मिश्रण, पण दाबून टणक वडी केलेलं. या वडीच्या खालच्या तोंडाशी शंकूच्या आकाराची एक खळगी असते. तिचं महत्त्व पुढे येईल. दारूच्या वर डिलेचा थर: हा हळू जळतो, रेटा जवळजवळ देत नाही, धूर मात्र भरपूर सोडतो. त्याच्याही वर इजेक्शन चार्ज, म्हणजे दाणेदार, सुटी काळी दारू. आणि ती सांडू नये म्हणून शेवटी मातीचं पातळ झाकण.

आग खालून लागते आणि वर सरकत जाते. एका थरातली आग संपता संपता पुढचा थर पेटवते. आधी ढकलणं, मग थांबणं, मग पॅराशूट बाहेर फेकणं ही तिन्ही कामं याच क्रमाने होतात. ना बॅटरी, ना स्विच, ना टायमर. इतक्या साध्या वस्तूत इतका नेमका क्रम बसवला आहे, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

बाहेर पडणारा वायू जमिनीला ढकलतो म्हणून रॉकेट वर जातं का?

नाही. जमिनीचा संबंध नाही आणि हवेचाही नाही. दारू जळते, गरम वायू तयार होतो, तो नळीत कोंडतो आणि नोझलच्या अरुंद भोकातून अतिशय वेगाने खाली सुटतो. जितक्या जोराने वायू खाली जातो तितक्याच जोराने इंजिन वर रेटलं जातं. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही.

हा वेग किती? ‘सी ६’ या इंजिनात (या खुणेचा अर्थ पुढे येईल) साधारण १०.८ ग्रॅम दारू असते आणि चाचणीत ते सुमारे ८.८ न्यूटन-सेकंद आवेग, म्हणजे एकूण धक्का, देतं. ८.८ ला ०.०१०८ किलोने भागा. उत्तर येतं सेकंदाला ८०० मीटरहून थोडं जास्त. म्हणजे तो वायू हवेतल्या आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने बाहेर पडतो. एवढ्याशा दारूतून रॉकेट आकाशात जातं ते या वेगामुळे.

नोझलचं भोक म्हणूनच नाजूक बाब आहे. भोक मोठं झालं तर आतला दाब पडतो, आणि दाब पडला की दारूही हळू जळते. भोक बुजलं तर दाब वाढतो आणि नळी फुटते. त्यात काडी घालून टोकरत बसू नका.

फटाक्यातल्या रॉकेटपेक्षा हे वेगळं कसं?

दारू त्याच जातीची असते. फरक मोजमापात आहे. इथे प्रत्येक इंजिनात दारू ठरलेल्या वजनाची आणि ठरलेल्या दाबाने ठासलेली असते, त्यामुळे एकाच प्रकारची दोन इंजिनं जवळजवळ सारखी वागतात. शिवाय ते विजेच्या तारेने, लांबून पेटवलं जातं आणि रॉकेट पॅराशूटने परत येतं. इंजिन बदलायचं आणि तेच रॉकेट पुन्हा उडवायचं.

इंजिनवर ‘सी ६-५’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

तीन गोष्टी. अक्षर म्हणजे एकूण आवेग, अर्थात इंजिन एकंदर किती धक्का देणार. पहिला आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. आडव्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे रेटा संपल्यापासून पॅराशूट फेकलं जाईपर्यंतचे सेकंद.

अक्षराचे वर्ग असे, न्यूटन-सेकंदात:

ए: १.२६ ते २.५०
बी: २.५१ ते ५.००
सी: ५.०१ ते १०.००
डी: १०.०१ ते २०.००
ई: २०.०१ ते ४०.००
एफ: ४०.०१ ते ८०.००
जी: ८०.०१ ते १६०.००

‘ए’च्या खाली अर्धा ए आणि पाव ए असेही वर्ग आहेत, ती छोटी इंजिनं बहुतेक १३ मिलिमीटर व्यासाची असतात. प्रत्येक पायरीवर वरची मर्यादा दुप्पट होते. म्हणून ‘फक्त एक अक्षर पुढे’ हा विचार फसवा आहे. ए वरून सी वर गेलात तर धक्का चौपट होऊ शकतो.

हेही लक्षात घ्या की अक्षर हा पट्टा आहे, नेमका आकडा नव्हे. एक सी इंजिन साडेपाच न्यूटन-सेकंदांचं असेल, दुसरं साडेनऊचं. दोन्हींवर सीच छापलेलं असणार.

न्यूटन म्हणजे अंदाजे किती?

साधारण १०० ग्रॅम वजन हातावर ठेवल्यावर जेवढा भार जाणवतो, तेवढा एक न्यूटन.

अक्षर तेच, पण मधला आकडा वेगळा. मग फरक काय पडतो?

‘बी ४’ आणि ‘बी ६’ दोघांचाही एकूण धक्का एकाच वर्गातला. पण बी ४ तो जरा सावकाश देतं, बी ६ जरा लवकर उरकतं. वजनदार रॉकेटला जोराचा पण थोडा वेळ टिकणारा रेटा मानवतो. हलक्याला मंद रेटाही पुरतो.

मात्र हा मधला आकडा डोळे झाकून खरा मानू नका. सी ६ चंच उदाहरण घ्या. ते सुमारे १.८६ सेकंद जळतं. ८.८ ला १.८६ ने भागलं तर सरासरी रेटा ४.७ न्यूटन येतो, ६ नव्हे. आणि सरासरीमागे आणखी एक गोष्ट दडलेली असते: पेटल्यानंतर साधारण दोन दशांश सेकंदात हेच इंजिन १४ न्यूटनपर्यंत उसळतं, मग झपाट्याने उतरतं आणि उरलेला वेळ साडेचार न्यूटनच्या आसपास एकसारखं ढकलत राहतं. उत्पादक प्रत्येक इंजिनासाठी रेट्याचा आलेख देतात. तो एकदा तरी नीट बघा. नळीवरच्या तीन खुणांपेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो.

सुरुवातीलाच ती उसळी कशामुळे येते?

त्या शंकूसारख्या खळगीमुळे. दारू फक्त उघड्या पृष्ठभागावर जळते. जितका पृष्ठभाग मोठा तितका वायू जास्त, तितका रेटा जास्त. खळगीच्या भिंती धरून सुरुवातीला बरीच जागा पेटते आणि रेटा चढतो. त्या भिंती जळून गेल्या की उरते ती आडवी सपाट चकती; ती उदबत्तीसारखी एका टोकाकडून दुसरीकडे शांतपणे जळत जाते आणि रेटा स्थिर राहतो.

ही उसळी मुद्दाम ठेवलेली आहे. रॉकेट जागेवर उभं असताना त्याचे पंख निरुपयोगी असतात. त्यांच्यावरून हवा वाहायला लागली की मगच ते रॉकेटचं नाक सरळ ठेवतात. तोवर साधारण एक मीटर लांबीची लोखंडी लाँच रॉड रॉकेटला धरून असते. रॉडचं टोक सुटेपर्यंत ढोबळ मानाने सेकंदाला १२-१३ मीटर वेग यायला हवा. नाहीतर रॉकेट डगमगतं आणि वारा येईल त्या बाजूला कलतं. अवघ्या मीटरभर अंतरात तो वेग मिळवायचा तर सुरुवातीलाच जोर लागणार.

मग रॉकेटला किती रेटा पुरेसा?

नेहमीचा हिशेब: रेटा रॉकेटच्या वजनाच्या किमान पाचपट असावा. वजन म्हणजे इंजिन, पॅराशूट, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून घातलेला कागद) सगळं धरून, उडायच्या क्षणी असेल ते. घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. रंगाचे दोन हात आणि पंखांच्या सांध्यांवर सढळ हाताने ओतलेला गोंद यांनी वजन किती वाढतं ते कळेल. इंजिनासोबत उड्डाणाच्या वजनाची कमाल मर्यादा दिलेली असते. ए ८-३ साठी ती ८५ ग्रॅमच्या आसपास, सी ६-५ साठी ११३ ग्रॅमच्या आसपास. मर्यादेला अगदी चिकटून उडवू नका, विशेषतः वारा असताना.

शेवटचा आकडा, तो डिले, कसा निवडायचा?

माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे, आणि नेमकं याच आकड्याकडे कुणी बघत नाही. अक्षर चुकलं तर रॉकेट कमी-जास्त उंच जातं. डिले चुकला तर रॉकेट मोडतं.

एक उदाहरण सोडवू. उड्डाणाच्या वेळी ८० ग्रॅम वजनाचं, साधारण २५ मिलिमीटर जाडीचं रॉकेट, आणि सी ६ इंजिन. हवा नसतीच असं धरलं तर रेटा संपताना त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जाईल, आणि तिथून शून्यावर यायला सुमारे १० सेकंद लागतील. पण हवा आहे. तिचा अडथळा धरून ढोबळ गणित केलं तर वेग ८५ मीटरच्या आसपास थांबतो आणि रॉकेट शिखरावर पोचायला साडेपाच सेकंद लागतात. हवेने वेळ जवळजवळ निम्मा केला. म्हणजे या रॉकेटला ५ चा डिले शोभतो: शिखराच्या किंचित आधी, रॉकेट जवळपास थांबलेलं असताना पॅराशूट बाहेर पडतं.

आता त्याच रॉकेटला ३ चा डिले लावू. चार्ज उडेल तेव्हा रॉकेट अजून सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगाने वर चाललेलं असेल, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगात प्लास्टिकचं पॅराशूट उलगडलं की दोरे तुटतात, किंवा शॉक कॉर्ड, म्हणजे नाकाचा कोन नळीला बांधून ठेवणारी दोरी, नळीच्या तोंडाला करवतीसारखी चिरत जाते. ७ चा डिले लावला तर रॉकेट शिखर ओलांडून खाली झुकलेलं असेल, वेग सेकंदाला १३ मीटरच्या घरात. या रॉकेटला तेवढं बहुधा सोसेल. पण जड रॉकेटला तोच ७ लावला तर पॅराशूट उघडायच्या आधी ते जमीन गाठू शकतं.

इथे बरेच जण उलटं समजतात. जड रॉकेटला डिले कमी लागतो, हलक्याला जास्त. जड रॉकेटला वेगच कमी मिळतो, त्यामुळे ते लवकर थांबतं. म्हणून सी ६ हेच इंजिन ३, ५ आणि ७ अशा वेगवेगळ्या डिलेत मिळतं. आणि मोजणी रॉकेट निघाल्यापासून नव्हे, रेटा संपल्यापासून धरायची.

छापलेला डिले सेकंदभर इकडेतिकडे होऊ शकतो. घड्याळ लावून हुज्जत घालू नका.

नळीवर शेवटी ० किंवा ‘पी’ असेल तर?

शून्य म्हणजे डिले नाही आणि इजेक्शन चार्जही नाही. हे दुमजली रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असतं. दारू वरपर्यंत जळून आली की गरम वायू आणि जळते कण सरळ वरच्या इंजिनाच्या नोझलमध्ये घुसतात आणि ते पेटवतात. वरच्या टप्प्यात मग ७ सारखा मोठा डिले लागतो. सी ६-० हे एकमजली रॉकेटमध्ये चुकून बसलं तर पॅराशूट कधीच नीट बाहेर येणार नाही.

पी म्हणजे वरचं तोंड बंद. पॅराशूट फेकायचंच नसेल तिथे हे वापरतात.

पहिल्या उड्डाणाला कोणतं इंजिन घ्यावं?

रॉकेटच्या सूचनापत्रात शिफारस केलेल्यांपैकी सगळ्यात लहान. छोट्या किटसाठी ते बहुतेक वेळा ए ८-३ असतं. ते पाऊण सेकंदाच्या आत जळून जातं, रॉकेट डोळ्यांसमोर राहतं आणि मैदानातच उतरतं. सी लावून पहिल्याच उड्डाणात रॉकेट दिसेनासं करण्यात मजा आहे, पण ती एकदाच.

ते पेटवतात कसं? वात का नाही?

वात पेटवायला माणूस जवळ जावा लागतो आणि ती कधी आतपर्यंत पोचेल याचा भरवसा नसतो. म्हणून इग्नायटर: निक्रोमच्या बारीक तारेचा तुकडा, काहींच्या टोकाला ज्वलनशील लेपाचा थेंब. तो नोझलच्या भोकातून आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या बुचाने घट्ट बसवायचा. बॅटरीचा प्रवाह गेला की तार लाल होते आणि दारू पेटते.

लाँच कंट्रोलरवर एक सेफ्टी किल्ली, एक दिवा आणि एक बटण असतं. किल्ली घातल्यावर दिवा लागला तर सर्किट पूर्ण आहे. मग उलटी मोजणी आणि बटण. डी पर्यंतच्या इंजिनांसाठी किमान ५ मीटर आणि त्याहून मोठ्यांसाठी किमान ९ मीटर लांब उभं राहायचं. रॉड सरळ उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेली नको. किल्ली कायम उडवणाऱ्याच्या खिशात. रॉकेटजवळ जाताना ती कंट्रोलरमध्ये कधीच राहता कामा नये.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. आता?

आधी किल्ली काढा. मग पूर्ण एक मिनिट थांबा. त्यानंतरच जवळ जा.

दहापैकी नऊ वेळा, असं म्हणायला हरकत नाही, दोष इंजिनाचा नसतो. तारेचं टोक दारूला टेकलेलंच नसतं. बूच बसवताना ती दोन-तीन मिलिमीटर खाली घसरते आणि हवेतच लाल होऊन तुटते. किंवा इग्नायटरच्या तारांना लावलेल्या कंट्रोलरच्या दोन्ही क्लिपा एकमेकींना नाहीतर खालच्या धातूच्या पत्र्याला टेकलेल्या असतात आणि प्रवाह तिथूनच निघून जातो. किंवा क्लिपांच्या दातांवर मागच्या उड्डाणांची काजळी बसलेली असते. पॉलिश पेपरने घासा, नवा इग्नायटर लावा. आणि बॅटरी जुनी असेल तर दिवा लागतो पण तार तापत नाही, कारण दिव्याला प्रवाह अगदी थोडा पुरतो.

इजेक्शन चार्ज उडतो तेव्हा पॅराशूट जळत कसं नाही?

मध्ये वॅडिंग घातलेलं असतं म्हणून. हा सहज पेट न घेणारा, प्रक्रिया केलेला कागद असतो. चुरगळून सैलसर गोळे करायचे आणि पॅराशूटच्या आधी नळीत सोडायचे. ठासायचे नाहीत, पण कडेने फटही ठेवायची नाही. साधा टिश्यू पेपर चालत नाही. तो जळत खाली येतो आणि वाळलेलं गवत पेटवतो.

चार्जचं काम वायूच्या दाबावर चालतं, त्यामुळे दोन गोष्टी तपासा. नाकाचा कोन उलटं धरल्यावर आपल्या वजनाने पडणार नाही, पण हलक्या ओढीने निघेल, इतपत बसावा. आणि इंजिन खाली पक्कं धरलेलं हवं. इंजिनाला खालून अडवणारा हूक रॉकेटला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर इंजिनाभोवती मास्किंग टेपचा एक-दोन वेढा घालून ते घट्ट बसवा. सैल राहिलं तर चार्ज पॅराशूटऐवजी इंजिनालाच मागे फेकतो, आणि रॉकेट नाक खाली करून जमिनीत घुसतं.

इंजिन फुटतं का?

क्वचित. हौशी लोक त्याला ‘केटो’ म्हणतात. कधी नोझल निखळतं, कधी नळी फाटते, कधी वरचं झाकण उडून आग थेट रॉकेटच्या पोटात शिरते. ठरवलेलं अंतर पाळायचं ते या दिवसासाठी.

काळ्या दारूच्या इंजिनात याचं एक मोठं कारण तापमानातले चढउतार हे आहे. पुठ्ठा आणि दारूची वडी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. इंजिन उन्हातल्या बंद गाडीत तापलं, मग थंड झालं, असं होत राहिलं की वडीला केसासारखी तडा जाते किंवा ती नळीच्या भिंतीपासून सुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. पेटवल्यावर मात्र आग त्या फटीत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब कित्येक पटींनी चढतो. जमिनीवर आपटलेल्या इंजिनाचंही तसंच.

मग ठेवायची कुठे? किती वर्षं टिकतात?

थंड, कोरड्या आणि तापमान फारसं न बदलणाऱ्या जागी, आगीपासून आणि मुलांच्या हातापासून लांब. इग्नायटर वेगळे ठेवा. नीट ठेवलेली इंजिनं बरीच वर्षं चालतात. ओलं झालेलं, फुगलेलं किंवा नोझलला चीर दिसणारं इंजिन वापरायचं नाही.

वापरलेली नळी पुन्हा भरता येते का?

नाही. पुठ्ठा आतून भाजलेला असतो आणि नोझल झिजलेलं असतं. पुन्हा भरता येतात ती इंजिनं वेगळी. ती पुढच्या उत्तरात येतात.

कॉम्पोझिट इंजिन म्हणजे काय?

यात काळ्या दारूऐवजी अमोनियम परक्लोरेट रबरासारख्या बांधणीत मुरवलेलं असतं, बऱ्याचदा ॲल्युमिनियमची भुकटी घालून. त्याच वजनात ते काळ्या दारूच्या दुपटीहून जास्त आवेग देतं. त्यामुळे ई, एफ, जी वर्गांत याचाच भरणा असतो.

पेटण्याची तऱ्हाही वेगळी आहे. इंधनाच्या लांबीभर एक पोकळी असते आणि ते आतून बाहेर जळतं. म्हणून इग्नायटर नोझलशी टेकवून भागत नाही, पार वरच्या टोकापर्यंत सरकवावा लागतो. काळ्या दारूवर हात बसलेले लोक इथे हमखास अडखळतात. डिलेही पेटतो तो इंधनासोबतच, रेटा संपल्यावर नव्हे. छापलेला आकडा मात्र रेटा संपल्यापासूनचाच असतो, उत्पादकाने तो फरक धरलेला असतो. काही प्रकारांत ॲल्युमिनियमची खोळ कायमची विकत घ्यायची आणि प्रत्येक उड्डाणाला नवं इंधन आणि नव्या रबरी रिंगा बसवायच्या.

सुरुवातीला यांच्या वाटेला जाऊ नका. काळ्या दारूच्या डी इंजिनापर्यंतच शिकण्यासारखं खूप आहे.

दारू आणि नोझल घरीच बनवली तर?

बनवू नका. हा छंद जन्माला आला तोच मुळी हे टाळण्यासाठी. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेल्यावर अमेरिकेत शाळकरी मुलं तळघरात आणि गॅरेजमध्ये रसायनं ठासू लागली, बोटं आणि डोळे गमावू लागली. जी. हॅरी स्टाइन हे व्हाइट सँड्स या अमेरिकी लष्कराच्या चाचणी तळावर क्षेपणास्त्रांवर काम करत होते आणि या धोक्याबद्दल स्पुटनिकच्या आधीपासूनच लिहीत होते. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी ते वाचलं. त्यांनी १९५४ मध्येच भावाच्या मदतीने कागदी नळीचं, बदलत्या इंजिनाचं, पॅराशूटने उतरणारं रॉकेट तयार केलं होतं. त्याचे नमुने त्यांनी १९५७ च्या सुरुवातीलाच स्टाइन यांना पाठवले. इंजिन तज्ज्ञांनी कारखान्यात बनवायचं, मुलांनी रॉकेट बनवायचं, ही कामाची वाटणी तिथून आली. पुढे १९५९ च्या सुरुवातीला व्हर्नन एस्टेस यांनी इंजिनं ठासणारं स्वयंचलित यंत्र उभं केलं. त्याचं नाव त्यांनी ‘मेबल’ ठेवलं होतं. हातकौशल्यावर अवलंबून असलेली दारू ठासणी यंत्राकडे गेली आणि एकसारखी इंजिनं स्वस्तात मिळू लागली.

घरी ठासताना ठिणगी पडायला स्थिर विजेचा एक चटका पुरतो. यात ‘मी काळजी घेईन’ ही पळवाट नाही.

कायद्याने परवानगी लागते का?

देशागणिक वेगळं आहे. कुठे ही इंजिनं खेळाच्या दुकानात मिळतात, कुठे ती स्फोटकांच्या कायद्याखाली येतात, आणि उड्डाणासाठी हवाई वाहतुकीचे नियम वेगळे. विकत घेण्याआधीच चौकशी करा. विमानाच्या सामानात इंजिनं नेता येत नाहीत, हातातल्याही नाही आणि खालच्याही नाही.

खराब इंजिनाची विल्हेवाट कशी लावायची?

पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. पुठ्ठ्याची नळी हळूहळू उलगडते, माती आणि दारू विरघळून गाळ होतो. सोरा पाण्यात उतरला की दारू दारू राहत नाही. नळी पूर्ण सुटेपर्यंत थांबा, मध्येच बाहेर काढून वाळवू नका. कॉम्पोझिट इंजिनाला हा उपाय लागू पडत नाही, त्याचं रबर पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी उत्पादकाच्या सूचना बघा. उडवून झालेली रिकामी नळी मात्र थंड झाली की सरळ कचऱ्यात टाका. फक्त आधी तिच्या वरच्या तोंडातून आत बघा. झाकणाची माती जागेवर असेल तर चार्ज उडालेलाच नाही. ती नळी कचऱ्यात नव्हे, बादलीत जायला हवी.